रात्रभर उपाशी, तरी सकाळी शुगर वाढलेली: आली कुठून?

पानगळ | सोमवार, रात्री १०:५२

घरात सध्या एक खटला चालू आहे. आरोपी बाबा, फिर्यादी आई आणि न्यायाधीश मी, कारण मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि घरच्यांच्या मते अर्धी डॉक्टर झालेच आहे.

बाबांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. काल रात्री अकराला झोपताना शुगर १२६ होती. जेवण आठलाच झालेलं, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी साडेसहाला मोजली तर १४८! आईचं म्हणणं, "रात्री उठून डबा उघडला असणार, दुसरं काय." बाबा देवाशपथ नाही म्हणतात.

आमच्या फिजिऑलॉजीच्या पुस्तकात पचनाचा धडा वेगळा, संप्रेरकांचा वेगळा आणि चयापचयाचा तिसरीकडेच. तिन्ही पाठ आहेत, पण बाबांचा आकडा एकातही बसत नाहीये. खाल्लं नाही तर साखर वाढली कशी? उलट रात्रभर वापरली जाऊन कमी व्हायला नको का?

---

शंकासुर | सोमवार, रात्री ११:०५

आधी यंत्रावर संशय घ्या, मग बाबांवर. घरगुती ग्लुकोमीटरला १०० च्या वर पंधरा टक्के इकडेतिकडे जायची मुभा आंतरराष्ट्रीय मानकातच दिलेली आहे. म्हणजे खरी शुगर १३५ असली तरी यंत्र ११५ ते १५५ मधलं काहीही दाखवून मोकळं. आणि बोट धुतलं होतं का? बोटाला फळाचा रस लागलेला असला तर एवढ्याशा थेंबात आकडा कुठल्या कुठे जातो. एका रात्रीवरून निकाल देऊ नका.

---

खटपट्या | सोमवार, रात्री ११:२०

मी इंजिनिअर, त्यामुळे टाकीच्या भाषेत सांगतो. रक्त म्हणजे टाकी, जेवण म्हणजे इनलेट. पेशी म्हणजे आउटलेट आणि इन्सुलिन हा त्या आउटलेटचा व्हॉल्व्ह. मधुमेहात व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, त्यामुळे टाकीतली पातळी वरच राहते. मेंदूलासुद्धा इन्सुलिन लागतं म्हणूनच शुगर बिघडली की डोकं जड होतं.

बाकी तुमचा प्रश्न रास्त आहे. इनलेट बंद असताना पातळी *वाढते* कशी हे माझ्या टाकीतही बसत नाही. आईंच्या बाजूने एक मत.

---

मधलीसुट्टी | मंगळवार, सकाळी ७:१५

पानगळ, बाबांना जामीन मंजूर कर. मी हाच विषय बरीच वर्षं शिकवते आहे आणि हा खटला दरवर्षी कुणा ना कुणाच्या घरी चालतो.

खटपट्या, टाकी चांगली आहे, फक्त दोन दुरुस्त्या. पहिली छोटी: मेंदू रक्तातून ग्लुकोज उचलतो त्यासाठी त्याला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. इन्सुलिनने दार उघडतं ते मुख्यतः स्नायूंचं आणि चरबीच्या पेशींचं. दुसरी दुरुस्ती मोठी: तुमच्या टाकीला इनलेट दोन आहेत. एक आतड्याकडून येतं, ते दिवसातून काही तासच चालू असतं. दुसरं यकृताकडून येतं आणि ते जेवण आतड्यात असेपर्यंतच काय ते मिटतं, एरवी रात्रंदिवस चालू.

आता जरा हिशोब करू. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. शुगर १०० म्हणजे दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? पाच ग्रॅम. एक चमचा! आणि एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं, म्हणजे तासाला पाच ग्रॅम. यकृताने रात्री हात आखडता घेतला तर माणूस झोपल्यावर तासाभरात तो चमचा रिकामा होईल. आपण सकाळी उठतो याचाच अर्थ रात्रभर कुणीतरी चमचा भरत होतं.

सत्तर किलोच्या माणसाचं यकृत रात्री तासाला साधारण आठ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं. बाबांनी डबा उघडला नाही. त्यांच्या यकृताने उघडला.

---

पानगळ | मंगळवार, सकाळी ७:४०

ताई!! "यकृताने उघडला" हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यकृत कुणाचं? त्यांचंच ना?"

पण मग यकृताकडे आठ तासांचं ६०-६५ ग्रॅम ग्लुकोज असतं कुठे?

---

मधलीसुट्टी | मंगळवार, दुपारी १:१०

अर्धं कोठारातून, अर्धं कारखान्यातून.

कोठार म्हणजे ग्लायकोजेन. ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून फांद्याफांद्यांचं झाड केलेलं असतं. जेवल्यानंतर यकृतात ते शंभरेक ग्रॅम साठतं. रात्री त्याचे शेंडे खुडले जातात. फांद्या जास्त म्हणून शेंडे जास्त, आणि शेंडे जास्त म्हणून घाईच्या वेळी एकदम पुष्कळ खुडता येतात. परीक्षेत "ग्लायकोजेन शाखायुक्त का असते" असं विचारतात त्याचं उत्तर एवढंच आहे.

कारखाना म्हणजे नव्याने ग्लुकोज बनवणं. कच्चा माल कुठला, तर प्रथिनांतून सुटलेली अमिनो आम्लं, चरबीतून निघालेलं ग्लिसरॉल आणि लॅक्टेट. यातलं लॅक्टेट मला फार आवडतं. तांबड्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्या, नसतात, त्यामुळे त्या ग्लुकोज अर्धवटच वापरतात आणि उरलेलं लॅक्टेट रक्तात टाकतात. यकृत ते गोळा करून पुन्हा ग्लुकोज बनवून परत पाठवतं. यालाच कोरी चक्र म्हणतात, कार्ल आणि गर्टी कोरी या जोडप्यावरून. १९४७ चं नोबेल त्यांना ग्लायकोजेनच्या कामासाठी मिळालं.

रात्रभराच्या उपाशी पोटी सकाळी हिशोब साधारण निम्मानिम्मा असतो. उपास लांबला की कोठार रितं होतं आणि सगळा भार कारखान्यावर येतो.

---

शंकासुर | मंगळवार, दुपारी २:०२

स्नायूंतही ग्लायकोजेन असतं असं शाळेत शिकलोय, आणि यकृतापेक्षा जास्त. मग स्नायू का नाही देत?

---

मधलीसुट्टी | मंगळवार, दुपारी २:३०

असतं ना, चारशे ग्रॅमच्या आसपास. पण देता येत नाही. ग्लुकोज पेशीत शिरलं की त्याला लगेच एक फॉस्फेट चिकटवला जातो. फॉस्फेट असलेला रेणू पेशीच्या दारातून बाहेर पडू शकत नाही. तो काढणारं एन्झाइम यकृतात आहे, थोडं मूत्रपिंडात आहे, स्नायूत नाही. स्नायूत गेलेलं ग्लुकोज म्हणजे माहेरी न परतणारी लेक. मांडीत मूठभर साखर पडून असली तरी मेंदूला त्यातली चिमूटभरही थेट मिळत नाही.

---

जुनीवही | मंगळवार, रात्री ९:४५

यकृताचा विषय निघालाच आहे तर क्लोद बर्नार यांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. थोडे पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समज असा होता की साखर बनवणे हे वनस्पतींचे काम. प्राणी ती फक्त खातात आणि मोडतात. १८४८ च्या सुमारास पॅरिसमध्ये बर्नार यांनी कुत्र्याला नुसते मांस खायला घातले. साखर नाही, पिष्ट नाही. आतड्याकडून यकृतात येणाऱ्या रक्तात साखर सापडली नाही. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात मात्र भरपूर. येताना नाही आणि जाताना आहे, म्हणजे मधल्या मुक्कामी काहीतरी घडते!

खरी गंमत १८५५ मधली. त्यांनी ताजे यकृत काढून त्याच्या शिरेतून पाण्याची धार सोडली आणि साखरेचा अंशही उरणार नाही इतके ते धुऊन काढले. मग ते तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो त्या धुतलेल्या, रक्तहीन, मेलेल्या यकृतात पुन्हा साखर! ती कुठून बाहेरून येणार? म्हणजे साखर नसलेला, पण साखर होऊ शकणारा एखादा पदार्थ आतच दडलेला असला पाहिजे. १८५७ मध्ये त्यांनी तो वेगळा काढला. तेच ग्लायकोजेन.

पानगळ यांच्या वडिलांचा आकडा हा त्याच प्रयोगाचा घरगुती अवतार आहे. फरक इतकाच की यकृत जागच्या जागी आणि मालक घोरतो आहे.

---

खटपट्या | मंगळवार, रात्री १०:२०

जुनीवही, जबरदस्त. धुतलेलं यकृत डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

टाकी सुधारतो आहे: दोन इनलेट, मेंदूच्या आउटलेटला व्हॉल्व्ह नाही. पण अजून एक अडतं. यकृत रात्रभर एकसारखं आठ ग्रॅम देत असेल आणि शरीर तेवढंच वापरत असेल, तर पातळी *स्थिर* राहायला हवी. १२६ ची १४८ झाली म्हणजे पहाटे कुणीतरी नळ जास्त सोडला. कोणी?

---

मधलीसुट्टी | बुधवार, सकाळी ६:५०

अगदी मोक्याचा प्रश्न. नळावर चार-पाच हात आहेत.

बंद करणारा हात एकच, इन्सुलिन. उघडणारे बरेच: ग्लुकागॉन, कॉर्टिसॉल, वृद्धी संप्रेरक, अॅड्रिनलिन. नीट बघ पानगळ, साखर *वाढवायला* निसर्गाने चार गडी ठेवलेत आणि *उतरवायला* एकच. आपले पूर्वज भुकेने मरत होते, अतिसाखरेने नाही.

रात्री पहिल्या गाढ झोपेत वृद्धी संप्रेरकाची लाट येते. नंतर पहाटे तीन-चारपासून कॉर्टिसॉल चढत जातं आणि जागं व्हायच्या सुमारास शिखरावर असतं. शरीर उठायची तयारी करतं. यकृताला निरोप जातो, माल सोडा. स्नायूंना निरोप जातो, तुम्ही जरा कमी घ्या.

हे प्रत्येकात होतं, माझ्यात आणि तुझ्यातही. आपलं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडतं आणि आकडा जागचा हलत नाही. बाबांचं स्वादुपिंड तेवढी तत्परता दाखवू शकत नाही, शिवाय यकृतही इन्सुलिनचं पूर्वीसारखं ऐकत नाही. भरती सगळ्यांच्याच किनाऱ्याला येते, त्यांच्याकडे बांध खचला आहे इतकंच. याला पहाटपरिणाम म्हणता येईल. डॉक्टर मंडळी डॉन फिनॉमेनन म्हणतात.

आणि बाबांच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर तिचं मुख्य काम काय ते बघ: यकृताचा हा नळ आवळणं. ती गोळी आतड्यातली साखर अडवते असं वर्गातली निम्मी मुलं लिहितात.

---

शंकासुर | बुधवार, सकाळी ९:३०

दुसरी शक्यता राहिली. रात्री गोळीने शुगर फार खाली गेली आणि शरीराने घाबरून वर ढकलली, असंही म्हणतात ना? सकाळचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसेल.

---

मधलीसुट्टी | बुधवार, सकाळी १०:०५

म्हणतात. सोमोजी यांची ती जुनी कल्पना. हल्ली दंडावर चिकटवायचे सेन्सर रात्रभर मोजतात, त्यात तिला फारसा आधार मिळालेला नाही. रात्री खाली गेलेल्यांचा सकाळचा आकडा बहुधा खालीच सापडतो. पण रात्री खाली जाणं स्वतःच धोक्याचं, म्हणून तपासायला हरकत नाही. उपाय सोपा: दोन-चार रात्री पहाटे तीनला एकदा मोजायची. तीनला खाली असेल तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. तीनला ठीक आणि सहाला वर असेल तर पहाटपरिणाम. पानगळ, हात साबणाने धुऊन, पुसून, मगच. शंकासुरांचा तो मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. आणि गोळ्यांना इथल्या कुणाच्याही सांगण्यावरून हात लावायचा नाही, माझ्याही.

---

रातकिडा | बुधवार, रात्री १:१२

रोज वाचतोय, आज लिहितो. जेवल्यावर मग यकृताला कळतं कसं की आता थांबा, वरून माल येतोय?

अवांतर: रात्री या वेळी माझं पोट जे गुरगुरतं ते भुकेने का?

---

मधलीसुट्टी | गुरुवार, सकाळी ७:२०

अवांतर आधी. जठर आणि लहान आतडं रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी वरून खाली आकुंचनाची एक लाट जाते. उरलंसुरलं अन्न, पेशींचा कचरा, जंतू पुढे लोटत नेते. मोटिलिन नावाचं संप्रेरक ती लाट सुरू करतं. हवा आणि द्रव एकत्र ढवळले गेले की आवाज येतो. रात्रीची झाडलोट आहे ती. काही खाल्लंस की झाडलोट थांबते, म्हणून आपल्याला वाटतं भूक होती.

आता यकृत. आतड्यातून शोषलेलं ग्लुकोज थेट सगळीकडे जात नाही, एका जाड शिरेतून आधी यकृतात येतं. स्वादुपिंडातलं इन्सुलिनही त्याच शिरेत ओतलं जातं. म्हणजे माल आणि मालाची चिठ्ठी एकाच गाडीने येतात. पहिल्या फेरीत निम्म्याच्या आसपास इन्सुलिन यकृतच गिळून टाकतं. उरलेलं बाकीच्यांना. पण स्वादुपिंडाला आधी कोण सांगतं, ही जुनीवहींच्या अखत्यारीतली गोष्ट.

---

जुनीवही | गुरुवार, रात्री ८:३०

आमंत्रण मिळाले म्हणून लिहितो.

पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांमुळे सगळ्यांना वाटे की पचनाचे निरोप मज्जातंतूंमधूनच जातात. १९०४ चे नोबेल त्यांना पचनावरील कामासाठीच मिळाले, कुत्र्याला लाळ आणणाऱ्या त्या प्रसिद्ध घंटेसाठी नव्हे. १९०२ च्या जानेवारीत लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या मेव्हण्यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक वेटोळा घेतला, त्याचे सगळे मज्जातंतू कापले आणि त्यात आम्ल सोडले. तारच कापली म्हटल्यावर निरोप जायला नको. तरी स्वादुपिंडातून रस ठिबकू लागला.

मग स्टार्लिंगनी आतड्याचे अस्तर खरवडले, आम्लात वाळूबरोबर घोटले, गाळले आणि तो अर्क शिरेत टोचला. थोड्याच वेळात स्वादुपिंड पुन्हा पाझरले. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिले आणि १९०५ मध्ये अशा निरोप्यांसाठी स्टार्लिंगनी हॉर्मोन हा शब्द जाहीर भाषणात वापरला. ग्रीक धातूचा अर्थ चेतवणे. अख्ख्या शास्त्राचा कळीचा शब्द आतड्याच्या खरवडीतून आला आहे.

---

मधलीसुट्टी | गुरुवार, रात्री ९:१५

आणि साखरेसाठीही तसेच निरोपे आहेत. १९६४ मध्ये एक गोष्ट ध्यानात आली: ग्लुकोज तोंडाने दिलं की इन्सुलिन जास्त सुटतं, शिरेतून दिलं की कमी, रक्तातली साखर सारखी ठेवली तरीही! म्हणजे आतडं स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देतं. ते काम जीआयपी आणि जीएलपी-१ ही दोन संप्रेरकं करतात. जीएलपी-१ जठराचा वेगही कमी करतं आणि मेंदूला पोट भरल्याचं सांगतं. मात्र रक्तात त्याचं आयुष्य दोनेक मिनिटांचं. वजन उतरवणारी म्हणून गाजणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं म्हणजे याच निरोप्याची आठवडाभर टिकणारी नक्कल.

पानगळ, तुझे तीन वेगळे धडे इथे एकत्र आले बघ. आतड्यात साखर आली तो पचनाचा धडा. तिथून निरोप निघाला तो संप्रेरकांचा. यकृताने नळ मिटला तो चयापचयाचा. पुस्तकं छापायच्या सोयीसाठी ते फाडलेत.

---

खटपट्या | गुरुवार, रात्री १०:४०

एक आडवी शंका. सकाळी साखर जास्त, पण माझं वजन रात्रीपेक्षा अर्धा-पाऊण किलो कमी भरतं. बाथरूमला जायच्या *आधी*. हे कुठे गेलं?

---

मधलीसुट्टी | शुक्रवार, सकाळी ७:००

हवेत. त्वचेतून आणि श्वासातून पाणी जातं, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने कार्बन जातो. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड म्हणून नाकातोंडावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. चरबी घामावाटे वितळून जाते असं वाटणाऱ्यांना हे पटत नाही. पण रात्रीतून घटणाऱ्या वजनात पाण्याचाच वाटा मोठा, त्यामुळे हुरळून जाऊ नका.

---

जुनीवही | शुक्रवार, सकाळी ८:१०

सांक्तोरियस नावाच्या इटालियन वैद्याने तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून सुमारे तीस वर्षे खाणे, पिणे, उत्सर्जन आणि स्वतःचे वजन यांचा हिशोब ठेवला आणि १६१४ मध्ये तो छापला. खाल्लेल्यातला बराचसा भाग डोळ्यांना न दिसता निघून जातो हे त्याने तेव्हाच दाखवले. खटपट्या, तुम्ही चारशे वर्षे उशिरा आलात, पण योग्य खुर्चीत बसलात.

---

शंकासुर | शुक्रवार, सकाळी ९:००

आता कुणीतरी "चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो" म्हणायच्या आत सांगतो: २०२१ मध्ये ६,४०० हून जास्त लोकांच्या मोजमापांचा अभ्यास आला. शरीराचं आकारमान हिशोबात धरलं तर विशी ते साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळजवळ सपाट. उतार साठीनंतर. चाळिशीत मंदावतात ते पाय.

---

पानगळ | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

निकाल आणला आहे. पाच रात्री मोजलं, प्रत्येक वेळी हात धुऊन. पहाटे तीनला गजर लावून बाबांना उठवत होते, त्यांनी मला अर्धी डॉक्टर सोडून पूर्ण पोलीस म्हटलं.

चार रात्री चित्र तेच. अकराला १२० ते १३० च्या मध्ये, तीनला ११५ ते १२२, साडेसहाला १४० च्या पुढे. तीनला एकदाही फार खाली नाही. वही डॉक्टरांना दाखवली, त्यांनी एका गोळीची वेळ बदलली. कुठली ते लिहीत नाही, नाहीतर इथे कुणीतरी स्वतःवर प्रयोग करेल.

राहिली पाचवी रात्र. अकराला १२४, तीनला १९१, साडेसहाला १५३. तीनला शिखर आणि सकाळी उतार. बाकीच्या चार रात्रींच्या बरोबर उलट. मी काहीच बोलले नाही, नुसती वही त्यांच्यासमोर धरली. बाबा बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे मात्र यकृताने नाही उघडलं."

आईला अजून सांगितलेलं नाही.